कडीबाहेर हुकूम नाही

विजयसिंहाला खाली बसवील असं माणूस तालुक्यात जन्माला यायचंय, असं लोक म्हणत. लोकांना सगळंच माहीत असतं असं नाही. ते माणूस त्याच्याच घरात होतं, आणि तिचं नाव वैष्णवी, त्याची बायको.

दुपारची जेवणं झाली की माडीवरच्या खोलीची कडी लागायची, आणि कडी लागली की पंचायत समितीचे सभापती संपले. फोन बंद, बसायचं जमिनीवर, विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि आवाज तर चढवायचाच नाही. चुकलं की मोडलेला नियम शंभर वेळा लिहायचा, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. हे तिनं लादलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यानंच मान खाली घालून मागितलं होतं, "दिवसभर समद्यांना मीच हुकूम सोडतो. एक तास तरी मला कुणी सांगावं."

वैष्णवीला आधी हसू आलं, मग ते आवडलं, आणि मग लक्षात आलं की हे आपल्याला फार छान जमतं. दोघांनी मिळून कॅलेंडरच्या पाठीमागे नियम लिहिले. कुणालाही नकोसं झालं तर 'सिरसाळा' म्हणायचं, की चाललंय ते तिथंच थांबणार. तो शब्द तीन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तिच्यासाठी नियम एकच, त्यानं घातलेला: कडीबाहेर हुकूम नाही.

तो तिनं मंगळवारी सकाळी मोडला.

बैठकीत पंधरा-वीस पुढारी खुर्च्यांवर होते. म्हातारा मेंढपाळ तात्याबा तेवढा जमिनीवर, कारण त्याची मेंढरं विजयसिंहाच्या हरभऱ्यात शिरली होती. विजयसिंह उठून त्याच्यावर ओरडायला लागला. तात्याबा हात जोडून माफी मागत होता. चहा घेऊन आलेल्या वैष्णवीचं डोकं फिरलं आणि तोंडून निघून गेलं, "विजय, खाली बस."

आणि तो बसला. खुर्चीवर नाही, थेट जमिनीवर, तात्याबाशेजारी, रोजच्या सवयीनं मांडी घालून.

सगळे त्या दोघांकडे बघायला लागले. बायकोनं नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारलेली तिथं कुणी ऐकली नव्हती, मग 'बस' तर दूरच. वैष्णवीनं ट्रे खाली ठेवला. त्यानं विश्वासानं हातात दिलेलं आपण भर बैठकीत उधळलं, आता तो पुन्हा कडी लावायचा नाही, असंच तिला वाटलं.

विजयसिंहानं शांतपणे वर पाहिलं. "काय बघताय? बरोबर हाय तिचं. म्हाताऱ्या माणसाशी खाली बसूनच बोलावं."

खुर्च्या सरकल्या आणि एकेक पुढारी गुडघे धरत जमिनीवर आला. हरभऱ्याचं दोन मिनिटांत मिटलं. हरभरा निघाला की तात्याबानं त्याच रानात आठ दिवस मेंढरं बसवायची, तेवढंच शेताला खत.

दुपारी कडी लागली, पण तो उभाच राहिला.

"बोल," ती म्हणाली.

"नियम मोडला तुमी."

"मोडला. लई चुकलं माझं. शिक्षा मीच घेते. म्हैनाभर कडी लागणार न्हाई, हुकूम न्हाई, काई न्हाई."

त्याचा चेहरा पार उतरला. मागं एकदा निवडणुकीत पडला होता तेव्हाही एवढा उतरला नव्हता.

"सिरसाळा," तो म्हणाला.

सकाळपासून ती ज्या शब्दाला भीत होती तो हाच. "सगळंच थांबवायचं?" तिनं कसंबसं विचारलं.

"सगळं कावून? म्हैन्याचं तेवढं थांबवा. ही शिक्षा तुमाला कमी अन् मलाच जास्ती हाय. माझ्यासारखं शंभर डाव लिवा."

वैष्णवीला रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं वही घेतली आणि लिहायला बसली. त्यानं शेजारी उभं राहून नीट तपासलं आणि बासष्टाव्या ओळीवर बोट ठेवलं, "अक्षर बिघडलं." तिनं ती ओळ पुन्हा लिहिली.

शंभर भरले तेव्हा तिनं पेनाला टोपण लावलं.

"झाली शिक्षा?"

"झाली."

"मग उभा कावून हायस? विजय, खाली बस."