उभ्याने लिहिण्याची फळी

आमच्या वस्तीवरचे दूध संकलन केंद्र बंद पडून काही वर्षे झाली होती. पत्र्याची ती खोली गावाने आम्हाला वापरायला दिली, तेव्हा मी प्रथम तिचा नकाशा काढला. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत केली. मोजल्याशिवाय खिळाही ठोकायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. बाके किती उंच करायची, दिवा कोणत्या बाजूला असला म्हणजे वहीवर हाताची सावली पडणार नाही, हे सारे ठरवूनच कामाला हात घातला. एका भिंतीशी पुस्तके ठेवली. दुसऱ्या भिंतीशी माझी हत्यारे, एक जुना पंप आणि सायकलची चाके ठेवली, मुलांनी खोलून पाहावीत म्हणून. शाळा सुटल्यावर ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे. हजेरी नाही, परीक्षा नाही. माझी पत्नी सुनीती निवृत्त शिक्षिका. वाचन तिच्याकडे, बाकीचे माझ्याकडे.

नियम मात्र मी एक केला. हत्यारे आणि विजेची जोडणी असल्यामुळे तान्ह्या-रांगत्या मुलांना आत आणायचे नाही.

पाचवीतली आरती रोज येई आणि दारातच उभी राही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ अंगद असे. नियम मोडू नये आणि मुलीचेही अडू नये, म्हणून मी दाराच्या चौकटीला बाहेरून एक फळी बसवली. आरतीच्या कोपराची उंची मोजली, फळीला लिहिण्यापुरता उतार दिला, पेन घरंगळू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी मारली. काम मनासारखे उतरले होते.

दसरा उलटला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची बांधाबांध सुरू झाली. एका संध्याकाळी आरतीची आई पुष्पावती मुलांना न्यायला आली. तिने फळीवरून हात फिरवला.

“काका, फळी लई चांगली झालीय,” ती म्हणाली. “पर लिहायला तिचा हात कुठं मोकळा हाय?”

मी आरतीकडे पाहिले. डाव्या हाताने तिने अंगदला कमरेवर पेलले होते आणि उजव्या हाताने त्याच्या मुठीतून आपले केस सोडवत होती. फळीवरच्या वहीत एक ओळही नव्हती.

“उतार मात्र अगदी बरोबर आहे हो,” आतून सुनीती म्हणाली.

पुष्पावती हसली, पण लगेच गंभीर झाली. “काकू, आवंदा हिला परत संगं न्यायचं म्हणत्यात हिचे वडील. आमी दोघं उसाच्या फडात गेलो की तिकडं खोपटात, कोपीवर, अंगदला कोन बघल? गेल्या साली नेली हुती, तर आली तवा निम्मं शिकल्यालं इसरून आली. हिला हितं ठिवायची माझी लई इच्छा हाय. पर मग ह्यालाबी ठिवावा लागल. सांजच्याला शेळ्या, चूल आन् हे रडकं पोरगं, हिच्या आजीनं एकटीनं काय काय बघायचं? शेवटी हिच्याच कडंवर येनार त्यो.”

“अंगदला सोडून राहवेल तुला?” सुनीतीने विचारले.

पुष्पावतीने पदराच्या टोकाने अंगदचे नाक पुसले. ते स्वच्छच होते.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारे कडीच्या कपाटात हलवली, विजेचे बोर्ड मुलांचा हात पोहोचणार नाही इतके वर घेतले आणि छताच्या लोखंडी पाइपला कडी अडकवून झोळी बांधली. झोळीत वाळूचे पोते ठेवून ती रात्रभर तशीच टांगून ठेवली.

“एवढंसं पोर निजवायचंय,” सुनीती म्हणाली, “म्हैस नाही.”

पुष्पावतीचा नवरा अजिनाथ आपल्या आईला, भीमाबाईंना, घेऊन झोळी पाहायला आला. त्याने दोन्ही हातांनी कडी धरली आणि पाय उचलून लोंबकळला.

“आरं, तुलाच निजायचंय का त्यात?” भीमाबाई म्हणाल्या.

“आये, पर त्यो रडला म्हंजी?”

“रडंल की. तुलाबी ठिवूनच तोडीला गेल्ते मी. तुझी आजी सांगायची, सांजच्याला लई रडायचास, मंग निजायचास.” त्यांनी झोळीला हलका झोका दिला. “शेळ्या बांधल्या की मी हितंच यीन. घरी तरी कोन हाय बोलाया?”

अजिनाथने कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, हिनं शाळा बुडवली तर मला फोन करा.” त्याचा होकार तो एवढाच.

अजिनाथ-पुष्पावतीला घेऊन ट्रक गेला त्या संध्याकाळी अभ्यास झाला नाही. अंगद झोळीत राहीना. भीमाबाईंनी फेऱ्या घातल्या, सुनीतीने गाणी म्हटली, मुलांनी आळीपाळीने दोरी ओढली. आरती एकदा उठली, तेव्हा भीमाबाईंनी तिला खांद्याला धरून परत बाकावर बसवले. अखेर हुंदके देत देतच तो झोपला.

आठवडाभराने पुष्पावतीचा व्हिडिओ कॉल आला. मागे पाचटाची कोपी दिसत होती.

“निजला का, काका?”

मी फोन झोळीपाशी नेला.

“आन् आरती?”

आरती पंप खोलत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. “आई, थांब जरा,” मान वर न करता ती म्हणाली, “नट पडंल.”

पुष्पावतीने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, त्या लहान पडद्यावर मला कळले नाही.

“काका,” पदर बाजूला करून ती म्हणाली, “फोन तसाच राहू द्या. मी काय बोलत न्हाई. तुमचं चालू द्या.”

मी चार्जर जोडला, झोळी आणि बाक दोन्ही दिसतील अशा बेताने फोन खिडकीत उभा केला आणि पंपाकडे वळलो.