गैरहजर चालतो

अंगदच्या मातीला गेले म्हणून गोकुळसह तिघं मित्र प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला गैरहजर लागले. अंगदही गैरहजर लागला. तोही मातीलाच गेला होता म्हणा, फक्त खांद्यावरून.

गैरहजेरीला माफी कशाकशाची, ते कॉलेजच्या नियमात होतं. खेळाची स्पर्धा चालायची, एनसीसीचं शिबिर चालायचं. मित्र मरणं त्यात बसत नव्हतं. कॉलेजनं शोकसभा घेतली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि खाली बसल्यावर चौघांच्याही नावापुढं 'विषय बाकी' लागलं.

बाकी होते दोनच क्रेडिट. पण दोन कमी पडले तरी तीन वर्षं शिकलेला माणूस कागदावर बारावी पासच राहतो. गोकुळला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता, तोही तात्पुरता. महिनाअखेर पदवी दाखवली नाही तर जागा दुसऱ्याला.

फेरपरीक्षेचा नियम परीक्षा विभागातल्या आप्पासाहेबांनी समजावून सांगितला. प्रकल्प गटाचा, म्हणून परीक्षाही गटाचीच. गट चौघांचा. एक नाव गळालं की गट मोडला, नवीन माणूस घेता येत नाही. मग पुढच्या वर्षी अख्खा विषय पहिल्यापासून, ज्युनिअर पोरांसोबत. गोकुळनं विचारलं, मग अंगदचं काय करायचं?

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "संगणकात तो जिवंत आहे. गैरहजर चालतो. मयत चालत नाही."

शोकसभेत तुम्हीच पुढं उभे होता, हे गोकुळच्या ओठावर आलं होतं. त्यानं गिळलं.

फेरपरीक्षेच्या सकाळी फुलंब्रीहून निघालेल्या एसटीत त्याला अंगदचे वडील भेटले. कडुबांनी जन्मभर मेंढरं राखलेली. बसमध्येही काठी आडवी धरून बसले होते, जणू प्रवासी कुणाच्या तरी वावरात घुसतील. मांडीवर पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला.

कॉलेजचे मेसेज दगडाबाईच्या फोनवर यायचे, कारण अंगदनं फॉर्मवर आईचाच नंबर दिला होता. शेजारची पोरगी वाचून दाखवायची. प्रिय अंगद, तू तोंडी परीक्षेला गैरहजर होतास, पालकांना घेऊन कार्यालयात भेट. ज्या दिवशी मेसेज येई त्या दिवशी दगडाबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

"पालकाला घिऊन ये म्हन्तेत," कडुबा म्हणाले. "पालक निघालाय. लेकरू कुठून आणू? म्हन्लं, नावच काढून टाकावं."

हर्सूलच्या जेलची भिंत येईपर्यंत गोकुळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्यानं सगळं सांगितलं. गट, क्रेडिट, बी.एड., आणि आज नाव निघालं तर तिघांचं वर्ष जाईल, हेही.

कडुबांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"म्हंजे आज त्याला जित्ता ठेवायचाय."

"आजच्या दिवस, काका."

"मला नाय जमलं ते. तुमचं कॉलेज करत असंल, तर करू द्या."

ते परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. नाव काढायचा अर्ज परीक्षा झाल्यावर द्यायचा ठरला. गैरहजर उमेदवाराला दारातून तीनदा पुकारायचं, असाही एक नियम होता. शिपायानं पुकारलं. पहिल्या हाकेला कोणी हललं नाही. दुसऱ्या हाकेला कडुबा उठून उभे राहिले. तिसऱ्या हाकेनंतर शिपायानं त्यांना विचारलं, तुम्ही कोण?

"बाप."

"मग पोरगं कुठंय?"

आत तिघांनी दाराकडं पाहिलं.

"आज आला नाय," कडुबा म्हणाले आणि परत बसले.

बाहेरून आलेले परीक्षक प्रकल्प चाळत होते. गावातल्या पाणवठ्यांची पाहणी होती. मेंढरं कुठलं पाणी पितात आणि कुठल्या पाण्याला तोंड लावत नाहीत, त्या पानावर ते थांबले. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. अंगदनं, गोकुळ म्हणाला.

"बेजबाबदार मुलगा. एवढं काम करायचं आणि परीक्षेला यायचं नाही."

"हो सर," गोकुळ म्हणाला.

तिघं पास झाले. गुण तिथंच संगणकात चढले.

मग कडुबांनी अर्ज आणि दाखला आप्पासाहेबांपुढं ठेवला. आप्पासाहेबांनी दाखल्यावरची तारीख पाहिली आणि कागद हळूच परत सरकवला. मृत्यू परीक्षेच्या आधीचा. आत्ता नोंद केली तर आजचा गट तीनचाच होता असं निघेल, आणि तिघांचे क्रेडिट परत जातील. शिवाय अंगदचा विषय अजून बाकी आहे, तो आपोआप पुढच्या फेरीला लागणार.

"किती दिस?" कडुबांनी विचारलं.

बाकी विषय काढायला नियमानं मुदत असते. बरीच वर्षं मिळतात. मुलांच्या भल्यासाठीच आहे ते, आप्पासाहेब म्हणाले.

कडुबांनी गोकुळकडं पाहिलं. गोकुळ फरशीकडं बघत होता. त्यांनी दाखला घडी घालून पिशवीत ठेवला.

स्टँडवर फुलंब्रीची गाडी लागायची होती. गोकुळचा फोन वाजला. अभिनंदन होतं. त्यानं फोन खिशात सारला. थोड्या वेळानं कडुबांचा वाजला. शहरात चुकामूक नको म्हणून त्या दिवशी दगडाबाईनं आपला फोन त्यांच्याजवळ दिला होता. त्यांनी तो पुढं केला.

"वाच."

"प्रिय अंगद," गोकुळनं वाचलं, "तू पुढील फेरपरीक्षेस पात्र आहेस. कृपया वेळेवर हजर राहा."

कडुबांनी फोन घेतला, धोतरालाच पुसला, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"पुढच्या खेपंलाबी मलाच यावं लागंल का रं," त्यांनी विचारलं, "आला नाय म्हणून सांगाया?"

गाडी लागली. गोकुळनं त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि स्वतः उभा राहिला.