कापूस हलला पाहिजे

सुंदरम्माने बोलणं सोडलं त्याला बारा दिवस झाले होते. तेराव्या दिवशी, रविवारी, शरणम्मा एक छापील कागद घेऊन माझ्या ओसरीवर आली. मागे तिची नऊ वर्षांची रुद्राणी.

"अक्का, वाच की जरा. अंगठा तर दिला मी. कशाला दिला ते सांग."

तिला तरी काय हसायचं? आदल्या साली शहरात मार्शल लॉ होता. तेव्हापासून भिंतीवरचा असो की हातातला, छापील कागद दिसला की सोलापूरकर आधी अंगठा देतो आणि मग श्वास घेतो.

शरणम्मा गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. मी कागद वाचला. दोनदा वाचला. मग रुद्राणीला म्हटलं, "जा गं, रांजणातलं पाणी आण."

ती गेल्यावर म्हणाले, "गुरुवारी दुपारी हिच्या जिभेखालची दोरी कापणार आहेत."

शरणम्मा मटकन बसली. "सुंदरम्मावानी?"

"व्हय."

सुंदरम्मा पलीकडच्या गल्लीतल्या विणकराची पोर. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि कासारणीशी दख्खनी, अशा तीन भाषांत भांडणारी. कापल्यावर जखम चिघळली. पू गेला, ताप गेला, पण पोरगी तोंडावर हात ठेवून बसली ती बसलीच. आता एका भाषेतही भांडत नाही.

कापणारे डॉक्टर पुण्याहून आले होते. एका शेटजींनी 'वाणीसुधार मंडळ' काढलं होतं, त्यात ते नेमले गेले. त्यांच्याकडे सहा शब्दांची यादी होती. खांब, घर, छत्री, झाड, धोतर, भाकरी. पोरांना एकेक बोलावून म्हणायला लावत. आता आमच्याकडे कुणाच्या घरात कानडी, कुणाच्या तेलुगू, आणि उरलेले खेड्यांतून आलेले. पोरं बिनघोर म्हणत, कांब, गर, चत्री, जाड, दोतर, बाकरी. डॉक्टरांनी हिशेब मांडला की सोलापुरात जिभेखालची दोरी आखूड असण्याची साथ आहे.

मला आधी वाटलं होतं, माणूस भोंदू असणार. मी मुद्दाम मंडळात जाऊन भिंतीवरची काचेतली प्रमाणपत्रं पाहिली, इंग्रजी म्हणून शाळेतल्या गुरुजींना नेऊन वाचून घेतली. सगळी खरी निघाली. विलायतेतलं एक, मुंबईचं एक. शिक्के खरे, सह्या खऱ्या. खोटी असती तर बरं झालं असतं. खोट्या माणसाला कधीतरी भीती वाटते.

माझ्याकडे तसा कागद नव्हता. मी शिवदारा वळते, म्हणजे गळ्यात लिंग बांधायचा दोरा. माझा धाकटा भाऊ तोतरा होता. 'आई' म्हणेपर्यंत त्याची भाकरी करपायची. दोरा वळायच्या ठेक्यावर मी त्याला एकेक शब्द काढायला लावला, दोन वर्षांत सुटला. मग गल्लीतली अडखळणारी पोरं माझ्या ओसरीवर येऊन बसू लागली. वाचायला मी पुड्यांच्या कागदावर शिकले, तेव्हा माझं बरंचसं ज्ञान अर्धवट फाटलेलं आहे.

पण त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. 'प्रमाणित शिक्षकाने लेखी हमी दिल्यास शस्त्रक्रिया तहकूब करता येईल.' आणि त्याखाली, शिक्षकांची परीक्षा गुरुवारी सकाळी.

"म्हंजे?" शरणम्माने विचारलं.

"म्हणजे सकाळी मी पास झाले तर दुपारी हिची जीभ वाचते."

"आन् न्हाय झालीस तर?"

रुद्राणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

चार दिवस हातात होते. लेखी परीक्षेची मला धास्ती नव्हती. शरणम्माच्या केसांतला कापसाचा एक पुंजका काढून मी रुद्राणीच्या तळहातावर ठेवला. "हात तोंडापुढं धर. 'ब' म्हण. हलला का?"

"न्हाय."

"आता 'ब' म्हणता म्हणता चुलीला फुंकर घाल."

"भ!" कापूस उडून माझ्या पदरावर आला. पोरगी खुदकन हसली. संध्याकाळपर्यंत खांब झाला, घर झालं, झाड झालं. तिच्या जिभेत काही खोट नव्हती. फक्त त्या फुंकरीची तिला कधी गरज पडली नव्हती.

"अक्का, आता तुमी म्हना."

"मी कशाला? मी शिकवणारी."

"म्हना की."

मी तळहात तोंडापुढे धरला. "भाकरी."

रुद्राणीने वाकून पाहिलं. "अक्का, तुमचा कापूस हलला न्हाय."

मी पुन्हा म्हटलं. कापूस तसाच. तेव्हा मला कळलं की पंचेचाळीस वर्षं मी बाकरीच खाल्ली. लिहिताना मी भाकरीच लिहिते. कागदावर 'भ'ला श्वास लागत नाही. मी अडखळणाऱ्यांना सोडवत होते, माझ्या बोलीकडे कान कुणी दिला होता?

मग तीन दिवस ती शिकवणारी आणि मी शिकणारी. दोरा वळताना, तांदूळ निवडताना ती समोर हात धरून उभी. "हलला पायजे, अक्का." बुधवारी संध्याकाळी माझे सहाही शब्द तिने पास केले.

गुरुवारी आम्ही तिघी भाकरी खाऊन निघालो. शरणम्मा वाटेत गिरणीकडे वळली, तिला खाडा परवडणारा नव्हता. रुद्राणीला मी मंडळाच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं. आत, पडद्यापलीकडे, कुणीतरी पातेल्यात हत्यारं उकळत ठेवली होती. त्यांचा खुळखुळ आवाज परीक्षाभर येत राहिला.

डॉक्टर शांत माणूस. आवाज चढवत नसत. लेखी पेपर त्यांनी तिथल्या तिथे तपासला, दोनदा मान हलवली. मग यादी पुढे केली.

"खांब," मी म्हटलं. "घर. छत्री. झाड. धोतर. भाकरी." सहा वेळा फुंकर घातली. चूलच पेटायची राहिली.

"उत्तम!" ते म्हणाले, आणि त्यांनी खणातून लाल शिक्क्याचा कोरा कागद काढला. टाक दौतीत बुडवला. नाव विचारून 'दाक्षायणी' असं सुरेख अक्षरात लिहिलं. सहीची जागा तेवढी राहिली होती. लिहिता लिहिता, वर न पाहता, अगदी घरच्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "सकाळपासून ताटकळला आहात, बाई. काही खाल्लंत की नाही?"

इतक्या मायेने मला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय की," मी म्हटलं, "बाकरी खाऊनच निघालो आमी."

टाक थांबला.

पडद्यामागचा खुळखुळाट एकदम मोठा ऐकू आला.

"पुन्हा म्हणा."

"भाकरी."

"तसं नव्हे. आधी म्हणालात तसं."

मी दाराकडे बोट दाखवलं. मग म्हटलं, "साहेब, बाहेर रुद्राणी आहे. तिला विचारा. सहाही शब्द स्वच्छ म्हणते."

"पाठ केलेले," ते म्हणाले. "तुमच्यासारखेच." ते रागावले नव्हते. मला त्याचीच भीती वाटली. त्यांनी टाकाचं टोक पुसलं, माझ्या नावाचा कागद चार घड्या करून टोपलीत टाकला. "दोष झाकून जात नाही, बाई. वाईट वाटून घेऊ नका. आधी मुलीचं होऊ दे, मग तुमचंही पाहून घेऊ. आजच. तुम्हाला पुष्कळ बरं वाटेल." आणि पडद्याकडे वळून म्हणाले, "दोघींची तयारी ठेवा."

मी नमस्कार केला आणि बाहेर आले. रुद्राणीचा हात धरला. तिच्या मुठीत कापूस होता, घामाने भिजून गोळा झालेला.

"पास झाला, अक्का?"

"चल."

"कुटं?"

"आधी चल."

दुपारच्या भोंग्याला गिरणीच्या फाटकाशी शरणम्मा भेटली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वळसंगला ने तिच्या मामाकडं. अंगठा माजा हाय, माजं मी बगते."

अक्कलकोटच्या वाटेला एक रिकामी बैलगाडी मिळाली. दिवस मावळायच्या आत वळसंग आलं. गुरप्पामामा भला माणूस, कारण न विचारता दोन घोंगड्या टाकल्या.

तिथे सगळं गाव गर म्हणतं, जाड म्हणतं. मला वाटलं, इथे पोरगी मोकळी होईल. पण तिने एक नवीनच सवय लावून घेतली. काहीही बोलायचं तर आधी तळहात तोंडापुढे धरायची. पाणी मागतानासुद्धा. शब्द हातावर आपटून पाहायची आणि मगच पुढच्याला द्यायची.

"आगं, हितं कोन मारतंय तुला?" मामा हसून म्हणायचा.

नवव्या दिवशी चावडीपुढे गलका ऐकू आला. गुरप्पामामा हौसेने सांगत आला, "अक्का, चला की! सोलापूरचा मोठा डाक्टर येनार हाय सोमवारी. फुकट हाय म्हनं. पोरान्ला बोलाया शिकवनार."

आम्ही गेलो. चावडीच्या भिंतीवर ताजा कागद होता, खळ अजून ओली. मोठ्या ठशात सहा शब्द छापले होते आणि खाली, मुलांकडून म्हणवून घ्यावेत. शाळेत जाणारी दोन पोरं पुढे उभी राहून वाचत होती, मागची वीस-पंचवीस एका सुरात ओरडत होती. त्यांना वाटत होतं, बक्षीस आहे.

"कांब! गर! चत्री! जाड!"

आया कौतुकाने ऐकत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "किती सपस्ट म्हंतात बगा."

"दोतर! बाकरी!"

शुक्रवार होता; सोमवारला तीनच दिवस. रुद्राणीने माझ्याकडे पाहिलं. मग मूठ उघडून तो मळका गोळा पिंजला, त्याचे बारीक बारीक पुंजके केले आणि पोरांच्या घोळक्यात शिरली. सगळ्यांत लहान पोरीचा हात तिने पकडला, तळव्यावर एक पुंजका ठेवला आणि तो हात तिच्या तोंडापुढे नेला.

"पुन्ना म्हन," ती म्हणाली. "हलला पायजे."

पोरगी हसत म्हणाली, "बाकरी."

कापूस जागचा हलला नाही.