मालाचं शहाणपण

"हे पुठ्ठे काढा सगळे," राधाकृष्ण साहेब म्हणाले, तेव्हा सहादेव स्टूलवर चढून नवा पुठ्ठा बांधत होता.

भिंगारच्या एका सरकारी डेपोत तो गाड्यांच्या सुट्या भागांचा स्टोअरकीपर होता. एकोणीस वर्षं त्याने प्रत्येक खणाला सुतळीने एकेक पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर त्या वस्तूचा नियम लिहिला होता. ब्रेकचं रबर, आधी जुनं द्यावं. दोन वर्षांवरचं देऊच नये. घराण्यात लिहायला शिकलेला हा पहिलाच, त्यामुळे अक्षराची थोडी ऐट होती.

"साहेब, मालाचं शानपन मालाजवळच पायजे. हात घालनाऱ्याला समोर दिसतं."

"आता कार्डांचं मशीन आलंय. नियम सगळे ऑफिसात. यादीत असेल ते द्यायचं, डोकं चालवायचं नाही."

"मंग ह्ये नियम मशीनला सांगा तेवढे."

"सांगू."

पुठ्ठ्यांचा गठ्ठा सहादेवने स्वतःच ऑफिसात नेऊन ठेवला. महिन्याभरात त्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले.

बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला. गावोगाव पाणी नेणाऱ्या टँकरसाठी मशीनची यादी आली, आठ रबरं. पाकिटावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. सहादेव धावत ऑफिसात गेला.

"यादीत आहे ना? मग द्या," साहेब म्हणाले.

खिडकीशी टँकरचा ड्रायव्हर गोरक्ष उभा होता. "तात्या, आटपा की! पारनेरकडं बाया हंडे घेऊन बसल्यात."

सहादेवने रबरं दिली.

चौथ्या दिवशी उतारावर ब्रेक लागला नाही. टँकर उलटला आणि गोरक्ष जागीच गेला.

चौकशी झाली. वरून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "रबर जुनं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग दिलं कशाला?"

"यादीत हुतं."

"मशीनला काय कळतं? तुम्हाला तर कळत होतं ना!"

राधाकृष्ण साहेब पेनाचं टोपण न्याहाळत होते. डोकं ऑफिसचं आणि मान सहादेवची, अशी ती वाटणी होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर सहादेव संन्यासीही नव्हता. रबर त्याच्याच हातून गेलं होतं. ते त्याला जेवताना आठवे.

त्याची बदली डेपोच्या फाटकावर झाली. गाडीचा नंबर, वेळ, ड्रायव्हरचं नाव लिहायचं आणि दोरी सोडून आडवा बांबू वर जाऊ द्यायचा.

एका सकाळी बाहेर निघालेल्या एका टँकरचं मागचं चाक आतून ओलं दिसलं. सहादेवने बोट लावून वास घेतला. पाणी नव्हतं, ब्रेकचं तेल होतं.

"नंबर लिहा आन् सोडा!" मागून हवालदार ओरडला. "यादीत हाय गाडी."

"आसंल."

"मेमो मिळंल तात्या!"

सहादेवने नंबर लिहिला, सुरेख अक्षरात. वेळ लिहिली. ओल्या चाकासाठी रजिस्टरात रकाना नव्हता. असं अडवायला हवं होतं ते त्या दिवशी, रबरं देताना खिडकीपाशीच. मागे गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, तसा तो उठला आणि दोरीला आणखी एक गाठ मारून आला.