मागचे तीन प्लग

चौतीस वर्षं शहराच्या बस चालवलेल्या माणसाला त्याच्याच लेकीने सांगावं की बाबा, तुमचा पाय आता नीट पडत नाही, तर त्याने काय करावं? काकांनी वर्तमानपत्र वाचलं. लेकीने खुंटीवरची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली, तेव्हा ते एका बातमीच्या मध्यावर होते. पुढची वीस मिनिटं ते त्याच ओळीवर राहिले.

घरातली मिनीव्हॅन अठरा वर्षांची. आठवड्यातून तीन सकाळी काका तिच्यातून काकूंना टेकडीवरच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचे. काकूंचा गुडघा बदललेला होता आणि टॅक्सीच्या अरुंद दारातून तो पाय आत घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. व्हॅनचं दार कसं, ऐसपैस उघडायचं आणि काकू हळूच बूड टेकून आत यायच्या. गेले दोन महिने ही व्हॅन टेकडीच्या चढावर झटके द्यायला लागली होती. पण तीच गाडी दुपारी लेक कामावर न्यायची, एकटी, सपाट रस्त्याने, आणि तिला एक झटका बसेल तर शपथ. जावयाने दोन रविवार चालवून पाहिली. म्हणाला, लोण्यासारखी चालते. क्लच नसलेली गाडी, दोन पेडल. मग खापर फोडायला उरलं काय? काकांचा उजवा पाय. गेल्या आठवड्यात चढावरचा सिग्नल सुटल्यावर गाडी अशी अडखळली की काकूंचं डोकं खिडकीवर आपटून टेंगूळ आलं. त्या टेंगळाने निकालावर शिक्काच मारला.

एरवी काका कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. डेपो मॅनेजरला त्यांनी भर फाटकात झापलं होतं. ते आता मूग गिळून का बसले, याचा घरात कुणी विचार केला नाही. कारण काकांच्या बुटात होतं. गेला महिनाभर त्यांचा उजवा पाय मध्येच बधिर व्हायचा. चार-पाच सेकंद, जास्त नाही, पण तेवढ्या वेळात तो पाय आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळायचं नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, काकूंनासुद्धा नाही. स्वयंपाकघरात कुणी नसलं की ते खुर्चीवर बसून फरशीवर पाय दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. झटके खरंच पायाचे असतील तर आपलं संपलं. गाडीचे असतील तर अजून काही वर्षं काकूंना आपण नेऊ. एवढ्यावर त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"निदान एकदा गॅरेजला दाखवू दे," ते लेकीला म्हणाले.

"दाखवा. तुमच्या मनाचं समाधान," लेक म्हणाली. शनिवारी सकाळी तिने व्हॅन स्वतः चालवत नेली, बाबांना गॅरेजात उतरवलं, किल्ली मेकॅनिकबाईच्या हातात दिली आणि दुपारी येते म्हणून निघून गेली. किल्ली वडिलांच्या डोक्यावरून पलीकडे गेली, हे तिच्या ध्यानातही आलं नसेल. काकांच्या आलं.

गॅरेज पूर्वी उस्तादांचं होतं. उस्ताद म्हणजे काकांचे तीस वर्षांचे मित्र, बस डेपोच्या वर्कशॉपातून बाहेर पडून स्वतःचं गॅरेज काढलेले. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता त्यांची मुलगी गॅरेज चालवायची, चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधलेली, कमी बोलणारी. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्याच पान्याचा आकार रंगवलेला होता, म्हणजे एखादा जागेवर नसेल तर भिंतच सांगणार. ते उस्तादांचं काम. आणि कपाटात त्यांच्या वह्या होत्या, कुठल्या गाडीचं केव्हा काय केलं त्याच्या. मुलीच्या दृष्टीने त्या वहीत लिहिलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिने दार उघडून डॅशबोर्डकडे पाहिलं आणि काळ्या चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे, काका?"

"जावयाने लावलंय. तिथला दिवा डोळ्यात जातो म्हणाला."

"इंजिनाचा दिवा आहे तो. डोळ्यात जावा म्हणूनच असतो." तिने पट्टी सोलून काढली. खाली दिवा पिवळाधमक पेटलेला.

तिने स्कॅनर जोडला. सहा सिलिंडरपैकी पाचव्यात इंजिन मिसिंग करत होतं, म्हणजे तिथलं पेट्रोल वेळेवर पेटत नव्हतं. असं झालं की पहिला संशय ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर. तिने वही काढली. चार वर्षांपूर्वीचं पान, उस्तादांचं ठसठशीत अक्षर: सहाही प्लग बदलले. तरी तिने पुढच्या बाजूचा एक प्लग काढून पाहिला. ठणठणीत. "प्लगचा प्रश्न नाही," ती म्हणाली आणि दुसरीकडे वळली. हवेचे पाइप कुठे फुटलेत का ते पाहिलं, पेट्रोलचा दाब मोजला, वायरी हलवून पाहिल्या. दोन तास गेले. इंजिन जागेवर सुरू केलं की मांजरासारखं घुरघुरायचं. सपाट रस्त्यावर चक्कर मारून आली, तरी काही नाही. बाकड्यावर बसल्या बसल्या काका बुटात बोटं हलवून बघत होते.

शेवटी तिने हात टेकले आणि काकांसमोर येऊन उभी राहिली. "मला नीट सांगा. झटका नक्की केव्हा बसतो?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकांनी डोळे मिटले आणि डेपोत रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. "टेकडीच्या दुसऱ्या वळणानंतर. वेग चाळीसच्या खाली. पेडल निम्म्याच्या वर दाबलेलं. आम्ही दोघं, मागे तिचा वॉकर, शिवाय शेजारच्या दोघी बहिणी, त्यांनाही तिथंच जायचं असतं. दोघी चांगल्या भरलेल्या आहेत."

"म्हणजे गाडीत ओझं असतं."

"भरपूर."

मेकॅनिकबाईने दोन शेजारणींच्या वजनाच्या जुन्या बॅटऱ्या व्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवल्या, वर एक भंगारातला गिअरबॉक्स चढवला आणि काकांना शेजारी बसवून टेकडी गाठली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. काकांनी दाराची मूठ घट्ट धरली. आणि मग व्हॅनला उचकी लागली. एक, दोन, मग सलग. बॅटऱ्या एकमेकींवर आपटल्या, पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

ती रस्त्याच्या कडेला थांबली. "पाय माझा होता, काका."

काकांनी खिडकीतून बाहेर बघत नाक पुसलं. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या जिवात जीव आला होता आणि तो या पोरीसमोर दिसू नये असं त्यांना वाटत होतं.

परत आल्यावर तिने इंजिन उघडायला घेतलं. या व्हॅनचं इंजिन आडवं बसवलेलं. तीन प्लग पुढे, हात घातला की सापडणारे. तीन मागे, डॅशबोर्डच्या भिंतीला चिकटून, तिथे पोचायचं तर वरचा हवेचा सगळा डबा काढावा लागतो आणि मग मनगट वाकडं करून, न बघता, नुसत्या बोटांनी पाना बसवावा लागतो. चांगल्या चांगल्या मेकॅनिकच्या नाकी नऊ येतात. पाचवा सिलिंडर मागचा. तिने डबा काढला, हात आत घातला आणि तिचा चेहरा बदलला. प्लग हलेना. तेल सोडलं, वाट पाहिली, परत जोर लावला. करकर करत तो निघाला तेव्हा तिने तो उजेडात धरला.

टोक झिजून गेलेलं. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर. आणि बुडाला गंज, अठरा वर्षांचा. तिने मागचे उरलेले दोन्हीही काढले. तिन्ही एकसारखे, गाडी कंपनीतून निघाली तेव्हाचे.

"सपाटीला ठिणगी कशीबशी पडते," ती अगदी हळू म्हणाली. "ओझं वाढलं की या चिरेतून बाहेर पळते. बाकी गाडीत काही नाही." मग तिने वहीचं पान परत उघडलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. "काका, आमच्या अण्णांनी मागचे तीन काढलेच नव्हते. लिहिलं मात्र सहा."

"उस्ताद खोटं लिहिणार नाही," काका म्हणाले. पण तीन गंजलेले प्लग समोर बाकड्यावर होते.

ती स्टुलावर बसली. "त्यांचा हात गेला होता. आता कळतंय मला. असलं काम आलं की मला सामान आणायला धाडायचे. मी परत येईपर्यंत झालेलं असायचं. मला वाटायचं, केवढा झपाटा."

काकांना आठवलं. शेवटी शेवटी उस्ताद चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचे. एकदा सांडला तर म्हणाले, फार गरम आहे. काकांनी हात लावून पाहिला होता, चहा गार होता. पाहिलं आणि सोडून दिलं. मित्राला काय विचारायचं? त्यांना उस्तादांचा राग आला. काकूंचं टेंगूळ आठवून खरोखरच राग आला. आणि लगेच वाईट वाटलं, की हा माणूस त्या डब्यासमोर एकटा उभा राहिला असेल, बोटं ऐकत नाहीत म्हणून, आणि बाहेर काका बाकड्यावर पेपर वाचत बसले असतील.

"आईलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी," ती म्हणाली. "मी केलं असतं ना ते काम. मला नुसतं सांगायचं होतं."

काकांनी मान हलवली.

तिने तिन्ही नवे प्लग बसवले, पाचव्याची फुटकी रबरी टोपी बदलली, डबा परत चढवला. वहीत आजची तारीख टाकून लिहिलं: मागचे तीन आज बदलले. वडिलांच्या पानावर तिने काट मारली नाही.

दुपारी लेक आली. मेकॅनिकबाईने तिला तिन्ही प्लग दाखवले, चिकटपट्टी दाखवली, सगळं सांगितलं. लेकीचा चेहरा पडला. ती वडिलांपुढे आली आणि किल्ली पुढे केली. "बाबा, चुकलंच माझं. तुमचं न ऐकता मी सरळ किल्ली उचलली. घ्या, तुम्हीच चालवा."

ह्याच क्षणासाठी काका सकाळपासून बसले होते. त्यांनी किल्ली घेतली. ते व्हॅनपर्यंत गेले, दार उघडलं आणि तिथेच उभे राहिले.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"झटके गाडीचेच होते," काका म्हणाले. "पण माझा पाय अधूनमधून बधिर होतो. महिना झाला असेल."

लेक जवळ आली. "चालवतानाही?"

"एकदा झाला. दवाखान्याच्या फाटकात. ब्रेक उशिरा लागला. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं."

"आईला माहीत आहे?"

"नाही. तिलाच आधी सांगायला हवं होतं. माझ्या शेजारी तीच बसते."

लेक रागावली नाही. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "सोमवारी डॉक्टरला दाखवू. आईला मी नेईन तोवर. उशीर झाला तर कामावर सांगेन."

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी किल्ली लेकीच्या तळहातावर ठेवली, वळसा घालून पलीकडे गेले आणि काकूंच्या जागेवर बसले.