मापातला शाफ्ट

कट् असा आवाज झाला आणि तिने लाल बटणावर थाप मारली. लेथचं दार सरकवलं. आत पोलाद कापणाऱ्या टिपेचा कोपरा उडाला होता, शाफ्टवर खोल चरा पडला होता आणि सगळ्यावरून दुधाळ पाणी ओघळत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाणी कोणी सुरू केलं?"

विचारायचं म्हणून विचारलं. वर्कशॉपमध्ये माणसं दोनच, ती आणि तिचा थोरला भाऊ. आणि पाण्याच्या बटणापाशी तोच उभा होता.

"मी केलं," दादा म्हणाला. "शाफ्ट जळत होता. पोलादाचा लालभडक किस निघत होता, दिसत नव्हता तुला?"

"लालच निघायला हवा! कडक केलेलं पोलाद आहे ते. उष्णता किसाबरोबर निघून जाते. तापल्या टिपेवर मध्येच पाणी पडलं की ती तडकते. हजारदा सांगितलंय!"

"जन्मभर ग्राइंडरवर पाणी सोडून काम केलंय मी. पाणी हटलं की काळा डाग, जॉब भंगारात. डोळ्यांदेखत जळू देऊ?"

"मुद्दाम केलंस तू."

हे खरं नाही, हे तिलाही कळत होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

आजवर असे कडक शाफ्ट शेवटच्या मापाला ग्राइंडरवरच यायचे. नव्या टिपा ते काम लेथवरच उरकणार होत्या. हा नमुना लेथवर मापात उतरला की ग्राइंडर विकायचा, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं होतं. दादा ऐकून घेऊन जेवणावरून उठला होता. ग्राइंडर गेल्यावर त्याने काय करायचं, हे दोघांपैकी कोणीच तोंडातून काढलं नव्हतं.

तिने टिपेचा दुसरा कोपरा लावला, नवा शाफ्ट चढवला.

"हात मागे घे."

"घेतलाय. ओरडू नकोस."

नारिंगी किस उडू लागला. दूध उतू जाताना हात धरून ठेवावेत तसा दादा चुळबुळत होता. पण बटणाकडे गेला नाही.

शाफ्ट निघाला तो लखलखीत. तो गार होईपर्यंत दोघं एकमेकांकडे न बघता उभी राहिली. मग दादाने मायक्रोमीटर लावला. ती त्याच्या खांद्यामागून बघत होती. माप अगदी बरोबर होतं.

त्याने दुसरीकडे मोजलं. तिसरीकडे मोजलं.

"जाड आहे," तो म्हणाला. "ग्राइंडरला लावावा लागेल."

दादाने घेतलेलं माप आजवर कोणी पुन्हा घेतलं नव्हतं. गिऱ्हाइकानेसुद्धा नाही. तिला इतका संताप आला की कान गरम झाले. दादा खोटं बोलला होता, आणि तेही मापाबद्दल.

"बरं. मग लाव. माझ्यासमोर लाव."

ग्राइंडरचा दगड टेकला की शाफ्ट बारीक होणार, वाया जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो गेला. त्याने शाफ्ट बसवला, दगड सुरू केला, पाणी सोडलं. हँडव्हील फिरवत दगड पुढे आणला. केसभर अंतर राहिलं आणि हात थांबला.

"टेकव ना! जाड आहे ना?"

तो वळला नाही. त्याची मान लालबुंद झाली होती. दातओठ खात उभ्या असलेल्या तिला एकाएकी वाटलं, टेकवावा त्याने. नासू दे शाफ्ट. आपण दुसरा करू, तोही याला देऊ नासवायला.

दगड मागे गेला. मशीन थांबलं. दादाने शाफ्ट काढून फडक्याने पुसला, त्याला तेल लावलं आणि तयार मालाच्या ट्रेमध्ये ठेवला. तिने हात पुढे केला.

"घामट हाताने धरू नकोस!" तो खेकसला. "डाग पडतात. एवढंही कळत नाही, आणि म्हणे..."

त्याने मायक्रोमीटर पुसला, पुन्हा पुसला.

"बघत काय राहिलीस? चढव पुढचा. मोजायला उभा आहे मी."