चौथं मरीच्यासन

श्रीकंठय्या मेष्ट्रे, म्हणजे मास्तर, दोन वर्षं चौथ्या मरीच्यासनात अडकून पडले होते. अलमेलम्मांच्या योगशाळेचा नियम साधा होता. अम्मा एक आसन देणार, ते नीट जमलं की पुढचं. तोवर त्या 'साकु' म्हणणार, म्हणजे पुरे, आणि माणसाने मुकाट आवरतं घ्यायचं. या आसनात एक पाय मांडीवर, दुसरा गुडघा उभा, अंगाला पीळ, आणि हातांनी गुडघ्याला वेढा घालून पाठीमागे एकमेकांना गाठायचं. मेष्ट्र्यांचे हात अजून एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

पुढचं होतं नावासन. ते त्यांना घरी सोफ्यावरसुद्धा यायचं. जे येतं तेच मिळत नाही, हे जास्त झोंबत होतं. त्यातच शेजारच्या चटईवरची पोलंडची पोरगी आठ दिवसांत त्यांना मागे टाकून गेली होती.

बायकोला, विशालाक्षीला, अम्मांनी पहिल्या मरीच्यासनावरच थांबवलं होतं. तिची काही तक्रार नव्हती. "मला एवढं पुरतं. घरी जाऊन डोसेही घालायचे असतात."

डावा गुडघा अलीकडे कुरकुरत होता. ही गोष्ट मेष्ट्र्यांनी अम्मांपासून लपवली होती, आणि बायकोपासून त्याहून जास्त. कळलं असतं तर अम्मांनी त्यांना मागे नेलं असतं, आणि जन्मभर कॉलेजात कन्नड व्याकरण शिकवलेल्या माणसाला वरच्या वर्गातून खाली बसणं शोभत नाही.

त्या पहाटे त्यांनी डावा पाय मांडीवर ओढला, पीळ घेतला आणि श्वास कोंडून धरला. तेवढ्यात अम्मांचा आवाज आला, "वन मोअर!"

अजून एक आसन! अखेर न्याय झाला. मेष्ट्र्यांनी होती नव्हती ती ताकद लावली. बोटांना बोटं लागली. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. तिकडे दुर्लक्ष करून त्यांनी पाय सोडवले आणि थरथरत हवेत उचलले. नाव निघाली.

अम्मा समोर येऊन उभ्या राहिल्या. "मेष्ट्रे, हे कुणी दिलं तुम्हाला?"

"तुम्हीच, अम्मा. आत्ताच म्हणालात, वन मोअर."

"तो दाराशी उभा आहे ना, त्याला म्हणाले. जागा रिकामी झाली, अजून एकाने आत यावं."

दाराशी एक उंच परदेशी माणूस चटई काखोटीला मारून उभा होता. त्याने मेष्ट्र्यांना अदबीने नमस्कार केला.

मेष्ट्र्यांनी पाय खाली ठेवले, व्याकरण मात्र सोडलं नाही. "कन्नडमध्ये म्हणाला असतात तर घोळ झाला नसता. माणूस असेल तर 'इन्नोब्बरु', वस्तू असेल तर 'इन्नोंदु'. इंग्रजीत दोघांना एकच माप."

"बरोबर आहे," अम्मा म्हणाल्या. "कुठला गुडघा?"

"कसला गुडघा?"

अम्मा तिथेच शांतपणे खाली बसल्या. त्यांना घाई नव्हती, हाच त्यांचा दुष्टपणा.

"डावा," मेष्ट्रे म्हणाले.

मागच्या चटईवरून विशालाक्षीचा आवाज आला. "अहो, मला सांगायला काय झालं होतं?"

"तू अम्मांना सांगितलं असतंस."

"मग? सांगितलंच असतं."

अम्मांनी त्यांना पाय मांडीवर न घेता पहिलं मरीच्यासन करायला लावलं. तेही जेमतेम वाकून. मेष्ट्र्यांनी सवयीने जोर लावला.

"श्वास कुठे गेला?"

मेष्ट्र्यांनी शोधला. तो छातीत वर कुठेतरी अडकून बसला होता.

"आता दुखतंय?"

'नाही' हे उत्तर तयारच होतं. पण या वेळी त्यांनी आधी गुडघ्याला विचारलं, मग तोंड उघडलं. "थोडं."

"मग अजून थोडं कमी."

त्यांनी कमी केलं. इतकं कमी, की लांबून पाहणाऱ्याला माणूस नुसता बसलाय असं वाटलं असतं. श्वास मात्र खालपर्यंत गेला. दुखणं थांबलं. पोलंडची पोरगी बघत असेल, हे त्यांना बऱ्याच वेळाने आठवलं.

घरी जाताना मेष्ट्रे पहिल्यांदाच उघड उघड लंगडले. विशालाक्षीने आपली चाल कमी केली.